आधी शिफ्ट, मग शेड्यूल

सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी खांदे, गुरुवारी बायसेप्स, शुक्रवारी ट्रायसेप्स, शनिवारी पाय. भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही जिममध्ये जा, भिंतीवर हा कागद चिकटवलेला दिसेल. दहा वर्षं लोखंड उचलणाऱ्याला तोच कागद आणि काल जिम लावलेल्या एकोणीस वर्षांच्या ट्रेनीलाही तोच. नवख्यानं त्याच्याकडे पाठ फिरवावी. तो त्याच्यासाठी लिहिलेलाच नाही.

ज्याचा प्रत्येक आठवडा सारखा जातो, त्याला हा कागद जमेल. आपल्याकडे आठवडा कंपनी ठरवते. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, त्यानंतर नाईट. मध्येच ओव्हरटाइम येतो, कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकून पडते, गुरुवारच्या सुट्टीला गावाकडून फोन येतो. सहा दिवसांच्या शेड्यूलमधला एक शनिवार हुकला, की पायांची पाळी थेट पुढच्या शनिवारी. तोही हुकला तर तीन आठवडे पायांना व्यायाम नाही. आणि पहिल्यांदा हुकतो तो पायांचाच दिवस, हे कुठल्याही जिममधल्या पोरांच्या मांड्या बघून कळतं.

म्हणून शेड्यूल निवडताना आरशात बघू नका, शिफ्टचा तक्ता बघा. नवख्याला आठवड्यातून तीन दिवस पुरे, पण प्रत्येक दिवशी सगळं अंग. एक स्क्वॉट. एक ढकलण्याचा व्यायाम, म्हणजे बेंच प्रेस किंवा खांद्यावरून वर ढकलणं. एक ओढण्याचा, म्हणजे रोइंग किंवा लॅट पुलडाऊन. आणि कमरेतून वाकून उचलण्याचा, म्हणजे हलकी डेडलिफ्ट. प्रत्येकाचे दोन-तीन सेट, सेटला आठ ते बारा रेप, आणि तासाभरात बाहेर. यातला एखादा दिवस गेला तरी काही बिघडत नाही. परवा जाल तेव्हा छाती, पाठ, पाय सगळ्यांची पाळी आहेच. नाईटच्या आठवड्यात दोनच दिवस मिळाले तरी चालतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या सूचनांतही प्रौढांसाठी स्नायूंचा व्यायाम आठवड्याला किमान दोन दिवस सांगितला आहे. फक्त रात्रभर लाइनवर उभं राहून सकाळी थेट रॉडखाली जाऊ नका. आधी झोप काढा, संध्याकाळी ड्युटीला निघण्याआधी व्यायाम करा.

‘एवढ्यानं बॉडी होत नाही,’ असं ट्रेनर सांगेल. त्याला विचारा, का नाही? सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः स्नायू फुगल्यामुळे नाही. मेंदू आणि नसा ती हालचाल शिकतात, एकाच वेळी जास्त स्नायुतंतू कामाला लावायला लागतात, म्हणून वाढते. शिकायचंच असेल तर आठवड्यातून एकदा स्क्वॉट मारणारा लवकर शिकेल की तीनदा मारणारा? नवख्याला दंडाचे पाच प्रकार लागत नाहीत, एकच हालचाल पुन्हा पुन्हा लागते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही क्रीडावैद्यकातली मोठी संस्था नवख्यांना आठवड्यातून दोन-तीन दिवसच सांगते, तेही सगळ्या अंगाचा व्यायाम म्हणूनच. पाच प्रकारांचं शेड्यूल भारी दिसतं आणि त्याच्या जोरावर पर्सनल ट्रेनिंग विकता येतं, एवढाच त्याचा उपयोग.

ज्याला पटत नसेल त्यानं लोणावळ्याची लोकल पकडून तळेगावच्या पुढच्या स्टेशनावर उतरावं. वडगाव मावळ. तिथं बिहारीलाल दुबे यांच्याकडे हर्षदा गरुड घडली. मे २०२२ मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला झालेल्या ज्युनियर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत, ४५ किलो गटात, तिनं स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३ किलो उचललं. एकूण १५३. त्या स्पर्धेतलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. ते काही मुंबई-दिल्लीतल्या वातानुकूलित जिममधून आलेलं नाही, आपल्या शेजारच्या तालुक्याच्या गावातून आलं आहे. रौप्य मिळालेल्या तुर्कस्तानच्या मुलीनं उचललेलं एकूण वजन होतं १५०. जगात पहिली आणि दुसरी यांच्यात फरक तीन किलोंचा! आणि आपली पोरं मित्रांसमोर बेंचवर एका झटक्यात दहा किलो चढवतात, कंबर उचलून, रॉड छातीवर आपटून, मागे उभ्या मित्राच्या हातांच्या जोरावर. त्यात ताकद निम्मी मित्राची असते आणि दुखणं पूर्ण आपलं.

हर्षदाचं नाव आणखी एका कारणासाठी घेतलं. बाई जिममध्ये आली की तिला ट्रेडमिल दाखवायची आणि हातात एक किलोचे गुलाबी डंबेल द्यायचे, ही रीत बंद झाली पाहिजे. लाइनवर आठ तास उभी राहून घरी पुन्हा ओट्यापाशी उभी राहणाऱ्या बाईला पाय, पाठ आणि कंबर मजबूत लागते. तिलाही तोच स्क्वॉट, तोच रोइंग, तीच वही.

वही म्हणजे खरोखरची वही. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल. आज किती किलो, किती सेट, किती रेप. तिन्ही सेटमध्ये बारा रेप नीट निघाले की पुढच्या वेळी थोडं वजन वाढवायचं. नाही निघाले तर तेच वजन पुन्हा. पण आकडे लिहायला लागण्याआधी हालचाल बसली पाहिजे. शॉपफ्लोअरवर नवीन जॉब लावला की पहिला पीस तपासल्याशिवाय कुणी लॉट सोडत नाही. तसा पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक व्यायामाचा पहिला सेट रिकाम्या रॉडनं करून ट्रेनरला दाखवा. फी त्याच्यासाठीच भरली आहे. दिवसभर गोण्या आणि क्रेट उचलणाऱ्या लोडरनं सेट कमी ठेवावेत, त्याची पाठ आधीच राबलेली असते. आठ तास खुर्चीत बसणाऱ्यानं रोइंगचा एखादा सेट जास्त करावा. सांध्यात किंवा कमरेत टोचणारं दुखणं आलं तर तिथंच थांबायचं. ‘दुखतंय म्हणजे लागू पडतंय’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

पावडरीबद्दल थोडक्यात. ट्रेनीच्या हातात येणाऱ्या पैशातून महिन्याला डबा विकत घ्यायला लावणं हे पाप आहे. शंभर ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. एका अंड्यात सहा. कँटीनची डाळ दोनदा मागून घ्या, खोलीवर हरभरे भिजत घाला. डब्याचे पैसे घरी पाठवा.

आता जिमच्या मालकांना आणि महापालिकेच्या व्यायामशाळा चालवणाऱ्यांना एक मागणी. मोठा रॉड २० किलोचा असतो. रॅकवर सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असेल, तर दोन्ही बाजूंना लावून वजन थेट २५ होतं. नवख्यावर, आणि विशेषतः बाईवर, ही एका दमात पंचवीस टक्क्यांची वाढ आहे. मग सेट तुटतो, तो हताश होतो आणि महिन्यानं येणं बंद करतो. सव्वा किलोच्या प्लेट ठेवल्या तर तोच टप्पा साडेबावीसचा होतो आणि माणूस पुढे सरकतो. नव्या आरशांवर खर्च करण्याआधी प्रत्येक रॅकपाशी सव्वा किलोच्या दोन-दोन प्लेट आणून ठेवा. आणि जिम लावणाऱ्यांनो, फी भरण्याआधी त्या आहेत का ते स्वतः बघा.