रा. रा. बीसीआर-एबीएल यांस अनावृत पत्र

मुक्काम फिलाडेल्फिया गुणसूत्र,
पोस्ट अस्थिमज्जा.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहूनच गेले होते. आपण माझ्या हाडांत बिऱ्हाड थाटलेत, तेही न कळवता. आपला हा रक्ताचा कर्करोग, सीएमएल, वर्षाला लाखात एक-दोघांच्याच वाट्याला येतो म्हणे. लॉटरीचे तिकीट न काढता लागलेले हे माझे पहिलेच बक्षीस.

आपल्या जन्माची कथा तर पुराणात शोभावी. नवव्या गुणसूत्राचा तुकडा बाविसाव्यावर गेला, बाविसाव्याचा नवव्यावर आला आणि मधल्या सांध्यात आपण अवतरलात. ते आखूड झालेले बाविसावे गुणसूत्र नोवेल आणि हंगरफर्ड यांनी फिलाडेल्फियात १९६० साली पाहिले. ही अदलाबदल आहे हे ओळखायला १९७३ उजाडले. जॅनेट राउली बाई गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून घरी जेवणाच्या टेबलावर जुळवत बसायच्या. मुलांना वाटे, आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय. आपला माग असा पानं मांडायच्या जागी लागला, याचा राग नसावा.

आपले मूळ पुरुष एबीएल फार संयमी गृहस्थ. एटीपीकडून फॉस्फेट घ्यायचे, समोरच्या प्रथिनातल्या टायरोसिनला चिकटवायचे, निरोप पोचला की गप्प. स्वतःला मिटून घ्यायची सोय त्यांच्या टोकालाच होती. जन्म घेताना आपण नेमकी तेवढी मागे ठेवून आलात. आता निरोप एकच, ‘वाढा’, आणि तो चोवीस तास.

आपल्या कृपेने पांढऱ्या पेशी अकरा हजारांची वेस ओलांडून लाखात गेल्या. लॅबवाल्याने त्या आकड्याला ठळक तारा दिला. शाळेत मला कोणी दिला नव्हता. पांथरी चाचपताना डॉक्टरांची बोटं बरगडीखालून जी निघाली, ती बेंबीपाशी येऊन थांबली. ते काही बोलले नाहीत. मीच म्हटले, ‘भरल्या घरात राहतोय.’

पण खरे उपकार आपल्या एकलकोंड्या स्वभावाचे. इतर कर्करोगांत गुन्हेगारांची टोळी असते. आपण सगळा कारभार एकहाती केलात. माणसाच्या शरीरात अशी फॉस्फेट चिकटवणारी प्रथिने, म्हणजे कायनेज, पाचशेच्या वर आहेत आणि सगळ्यांना एटीपी लागतो, तेव्हा एकालाच कसे अडवणार, असे शहाणी माणसे म्हणत होती. लायडन, ड्रकर प्रभृती संशोधकांनी इमॅटिनिब आणले. आपणही कधी क्षणभर मिटताच, तेवढ्यात ही गोळी एटीपीची खुर्ची बळकावते आणि कुठल्याही मंत्र्याप्रमाणे उठत नाही. १९९८ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या चाचणीत ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा घेणाऱ्या ५४ पैकी ५३ जणांच्या रक्तातले आकडे पूर्ववत झाले. २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेने मान्यता दिली.

तेव्हापासून जो तो आपापल्या आजारातला ‘तो एक’ कायनेज शोधत फिरतोय. बहुतेक ठिकाणी एक वाट अडवली की रोग दुसऱ्या वाटेने येतो, आणि मग सगळे चकित होतात! इतके सोपे सापडून आपण साऱ्या औषधशास्त्राला भोळे करून सोडलेत.

आपण मात्र भोळे राहिला नाहीत. ३१५ क्रमांकाच्या जागी थ्रिओनिन काढून आयसोल्युसिन बसवलेत की गोळीला टेकायलाच जागा उरत नाही. त्यासाठी पोनॅटिनिब आले, सोबत रक्ताच्या गाठींचा धोका घेऊन. २०२१ मध्ये ॲसिमिनिब आले, तर ते खुर्चीकडे फिरकतच नाही. मूळ पुरुष ज्या खाचेत टोक खुपसून गप्प बसत, तिथेच शिरते. घराण्याचे वळण आपल्याला बाहेरून लावावे लागले, म्हणायचे.

आपल्यामुळे कायद्याचेही शिक्षण झाले. इमॅटिनिब विकणाऱ्या नोव्हार्टिसच्या गोळीचा महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे १,२०,००० रुपये होता, भारतीय जेनेरिकचा सुमारे ८,०००. तिच्या पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) वर बोट ठेवून पेटंट नाकारले. तारखेवरून काहींना थट्टा वाटली असेल. माझ्या औषधवाल्याच्या बिलाला नाही वाटली.

आता घरगुती. रात्रीच्या जेवणावर भरल्या ग्लासाने गोळी घेतो. सकाळी डोळ्यांखाली अशा पिशव्या येतात की शेजारी विचारतात, ‘जागरण झालं का?’ पहाटे पोटऱ्यांत गोळे येतात, ते वेगळेच. दर तीन महिन्यांनी पीसीआरमध्ये आपली हजेरी मोजतात. ०.१ टक्क्याच्या खाली गेलात की डॉक्टर हसतात. मी हसत नाही, कारण मज्जेतल्या मूळपेशींत आपण अंग चोरून बसलेले असता. बरीच वर्षे दबून राहिलात, तर काहींना गोळी थांबवून पाहता येते. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांकडे आपण परत येता, बहुधा सहा महिन्यांच्या आतच. पाहुणचार इतका गोड लागला, हे वाचून ऊर भरून येतो.

पुढची तपासणी गुरुवारी आहे. येण्याची तसदी घेऊ नये.

कळावे. लोभ ०.१ टक्क्याच्या खालीच असावा, ही विनंती.

आपला नाइलाजाने यजमान,
एक गोळीकरी