तात्यांचा बंदोबस्त

कुडाळच्या बाजारात तात्या भेटले की तब्येत विचारत नाहीत. "रात्री दाराला अडसर घालतोस ना?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता "घालत नसणार" म्हणून पुढे जातात.

लालबागच्या चाळीत हा माणूस उभा जन्म दार सताड उघडं टाकून झोपला. निवृत्त होऊन गावी आला, आणि जिथे सगळे एकमेकांना पणजोबांच्या नावानिशी ओळखतात तिथे त्याला चोरांची भीती वाटायला लागली. उशाशी कोयता, दाराआड पहार, खाटेखाली शिसवी दांडका, देवाच्या कोनाड्यात मिरचीपूड. दसऱ्याला हे सगळं खळ्यात मांडून झेंडूची फुलं वाहतात, तेव्हा शेजारची पोरं बघायला येतात. एरवी मात्र यातलं एकही हत्यार जागेवर सापडत नाही. कोयता शहाळी सोलायला गेलेला असतो, पहार माडाच्या खड्ड्यावर, आणि मिरचीपूड तर काकूंनी बांगड्याच्या तिखल्यात कधीच घातलेली असते.

खरा मान बंदुकीचा. ठासणीची, एकनळी, परवाना शेतीसंरक्षणाचा. डुकरं-वानरं पिटाळायला म्हणून मिळालेली ही बंदूक तात्यांनी मनातल्या मनात गृहखात्याकडे वर्ग केली आहे. पण ठासणीची बंदूक म्हणजे काही दिव्याचं बटण नव्हे. नळीत दारू ओता, वर चिंधी कोंबा, गजाने ठासा, छर्रे सोडा, पुन्हा चिंधी, पुन्हा गज, शेवटी केप. तेही चष्मा सापडला तर. काकूंनी यावर आपली योजना जाहीर करून ठेवली आहे : "चोर इलो तर मी तेका च्याय देवन बसवतलंय, ह्यांची बंदूक ठासून जायसर!"

त्यातून निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. 2024 साली लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या, तेव्हा तात्यांच्या फेऱ्या आणि रक्तदाब दोन्ही वाढले. "आचारसंहिता चोरांना लागू नाही का?" हा त्यांचा सवाल ठाण्यातल्या हवालदाराने फार गंभीर चेहरा करून ऐकून घेतला. माझ्या मते तो हवालदार पुढे जाणार.

कायद्याचा मात्र तात्यांचा अभ्यास आहे. स्वसंरक्षणाची कलमं पूर्वी भारतीय दंड संहितेत 96 ते 106 होती, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत 34 ते 44 झाली, हे ते रामरक्षेसारखं म्हणतात. कलम 41 विशेष लाडकं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी झाली, तर बचाव करताना चोराचा जीव गेला तरी कायदा समजून घेऊ शकतो, असा त्याचा अर्थ. म्हणून तात्या रोज संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्त बघतात. सहा वाजून चाळीस मिनिटं म्हणजे सहा वाजून चाळीस मिनिटं; त्याआधी आलेल्या चोराला थोडं थांबावं लागेल. जरुरीपेक्षा जास्त इजा करायची नाही, असं बजावणारं कलम 37 मात्र ते फार भरभर वाचतात.

गेल्या गणपतीत वकील भाचा आला. मोदक खाता खाता त्याने सहज विचारलं, "मामा, मागीलदार बंद असतं ना रात्री?"

"का रे?"

"उघड्या दारातून कोण सरळ आत आला, तर ती घरफोडी होत नाही. नुसतं गृह-अतिक्रमण. तुमचं ते रात्रीच्या घरफोडीचं कलम मग लागायचं नाही."

तात्यांच्या हातातला मोदक तसाच राहिला. पुढीलदाराला अडसर, कडी, कुलूप, वर साखळी, आणि मागीलदार? ते त्या घराच्या वास्तुशांतीपासून कधी लागलेलं कुणाला आठवत नव्हतं. तात्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला : आजपासून मागीलदार बंद.

काकू तुपाचं भांडं घेऊन चालल्या होत्या. न थांबता म्हणाल्या, "आणि माजर खंयसून येतला?"