एअर काढून मिळेल

बारा वर्षांच्या माझ्या गाडीच्या पुढच्या डिस्क ब्रेकचा रबरी पाईप वाकवून बघितला, तर त्यावर मे महिन्यातल्या रानासारख्या भेगा. मुरुडच्या मिस्त्रीनं नवा पाईप बसवून एअर काढायचे तीनशे रुपये सांगितले. बावीस वर्षं पोरांना पास्कलचा नियम शिकवणारा माणूस या कामाला तीनशे देईल? मी लातूरला जाऊन स्टीलच्या जाळीचा पाईप आणि डॉट 4 ब्रेक ऑईलची बाटली घेऊन आलो. एसटीच्या तिकिटाचा हिशोब घरात कुणी विचारला नाही, मीही सांगितला नाही.

पाईप बसला. दोन बोल्ट, प्रत्येकाला दोन असे तांब्याचे चार वायसर, चारही नवे. एवढ्या भांडवलावर मी शेजारच्या दहावीतल्या पोराला व्याख्यान दिलं. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. म्हणून मुठीजवळ दोन बोटांचा जोर आणि खाली चाक जागच्या जागी. पास्कल 1662 साली वारला आणि हा नियम सांगणारा त्याचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापून आला, हेही सांगितलं. जिवंतपणी का छापला नसेल, ते मला त्याच संध्याकाळी कळलं.

एअर काढायची रीत अशी. वरच्या डबीत ऑईल भरायचं. खाली कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवायचं. एकानं लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्यानं आठच्या पान्यानं निपल जरा सैल करायचा, बुडबुडे आले की आवळायचा आणि मगच लिव्हर सोडायचा. पोरगं लिव्हरवर, मी निपलवर. मी म्हणायचो, "सोडतो बरं का." म्हणजे निपल. पोरगं ऐकायचं "सोड" आणि लिव्हर सोडून मोकळं व्हायचं. नळीचं टोक बाटलीतून केव्हाच बाहेर आलं होतं. जेवढी हवा काढली तेवढी आम्ही परत आत घेत होतो. त्यात वरच्या डबीकडे बघायचं राहून गेलं. ती रिकामी झाली आणि पाईपात अख्खी मुरुडची हवा भरली.

द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. हे मी फळ्यावर लिहितो. इथं लिव्हर लोण्यात बोट जावं तसा मुठीला टेकत होता.

"सर, पास्कल चुकला का?" पोरानं विचारलं. त्याला घरी पाठवलं.

दिवेलागणीला मंडळी ड्युटीवरून आल्या. त्या नर्स आहेत.

"ही सलाईनची नळी माझ्या पिशवीतली ना?"

मी निपल पुसू लागलो.

"अहो, हवा वर जाते की खाली?"

"वर."

"मग तुम्ही खालून कशाला काढताय?"

उत्तर नव्हतं. त्यांनी मोठी सिरिंज दिली. तिच्यात ऑईल ओढलं, उभी धरून टिचकी मारली, हवा घालवली आणि नळीतून खालून वर हळूहळू ढकललं. वरच्या बोल्टवर पान्याची मूठ टकटक वाजवली. डबीत बुडबुड, बुडबुड! इंजेक्शन देताना त्या रोज हेच करतात. निपल आवळून लिव्हर दाबला, तर दगड.

फक्त एक राहिलं होतं. रिकामी झालेली डबी मी आधीच पुन्हा काठोकाठ भरून ठेवली होती. खालून आलेलं ऑईल वरून सांडलं आणि थेट पेट्रोलच्या टाकीवर. हे ऑईल रंग खातं, पण पाण्यात विरघळतं. लगेच भरपूर पाणी ओतलं तर रंग वाचतो. नळ आलेला नव्हता. 2016 साली मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे आमच्या मुरुडवरूनच गेली. तेव्हापासून आमच्या घरी पिंपातलं पाणी गाडीवर ओतायची कुणाची छाती होत नाही. मी कोरड्या फडक्यानं चोळचोळून पुसलं. म्हणजे ऑईल आणखी पसरवलं.

उरलेली बाटली झाकण घट्ट लावून ठेवली आहे. उघडी राहिली तर ती हवेतला ओलावा ओढून घेते म्हणे. मराठवाड्यात कुठून ओढते, देव जाणे.

ब्रेक आता झकास लागतो. टाकीवर भाकरीएवढा रंग उडालाय. तो मारून द्यायचे मिस्त्रीनं बाराशे सांगितले.