हत्तीचं कातडं पांघरलेलं मांजर

१९६६च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एमआयटीत सेमूर पॅपर्ट यांनी सुट्टीतल्या पोरांसाठी एक काम काढलं: यंत्राला बघायला शिकवणं. सुट्टीत त्यातलं बरंचसं उरकेल असा हिशेब होता. सुट्टी संपली, काम अजून चालूच आहे.

दोष पॅपर्टांचा नाही. बघणं आपल्याला इतकं आयतं मिळालंय, की त्यात काही मेहनत असेल हेच खरं वाटत नाही. ती मेहनत पहिल्यांदा कळली तीही योगायोगानं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल गुंगी दिलेल्या मांजराच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून बसले होते. ठिपके दाखवून दाखवून दमले, पण पेशी ढिम्म. मग काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावर पडली आणि पेशी ताडताड बोलायला लागली. बाईंना ठिपका नकोच होता. हवी होती रेघ, आणि तीही पसंतीच्याच कोनात. नखरे मांजरालाच शोभणारे! १९८१मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मांजराच्या वाट्याला काही आलं नाही.

याच पेशींवरून कुनिहिको फुकुशिमांनी १९८०मध्ये कृत्रिम पेशींचं जाळं विणलं. आजचं डीप लर्निंग त्याच घराण्यातलं. २०१४मध्ये एमआयटीतल्याच गटानं दाखवलं, की वस्तू जास्त अचूक ओळखणाऱ्या जाळ्यावरून माकडाच्या मेंदूतल्या पेशी कधी किती बोलतील, याचाही जास्त चांगला अंदाज बांधता येतो. मेंदूची नक्कल कर, असं त्या जाळ्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

पेढे वाटायला हरकत नव्हती. पण २०१९मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी मांजराच्या चित्रावर हत्तीचं कातडं चढवलं. माणसं म्हणाली मांजर, यंत्र म्हणालं हत्ती. गोष्टीतलं वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव निदान अंग तरी झाकून होतं. इथे कानापासून सगळी ठेवण मांजराची, तरी यंत्राची नजर कातडीच्या पोतावरच. मग शिकवणीच्या फोटोंवर निरनिराळ्या चित्रकारांच्या शैलीचे रंग चढवले, तेव्हा कुठे ते आकाराकडे बघायला लागलं.

कंपन्यांना न चुकणारं यंत्र हवंय. बघण्याच्या अभ्यासकांना मात्र आपण जिथे चुकतो तिथेच चुकणारं हवंय. शाळेत दोघांची उत्तरं सारखीच चुकली की कॉपी पकडली जायची. इथे त्यालाच पैकीच्या पैकी.