मागून येणारा आवाज

होम थिएटरच्या पुस्तिकेत एक चित्र असतं. खोलीच्या मधोमध सोफा, सोफ्यावर एकच माणूस, आणि त्याच्याभोवती वर्तुळात पाच स्पीकर. त्या माणसाला बायको नाही, आईवडील नाहीत, चपलांचं कपाटही नाही. समोरचे दोन स्पीकर त्याच्या डाव्या-उजव्या हाताला 30 अंशांवर, मागचे दोन 110 च्या आसपास. हे अंश ज्यांनी ठरवले त्यांना ठाण्यातल्या 10 बाय 15 च्या हॉलमध्ये एकदा चहाला बोलवायला हवं.

आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेला असतो. सोफ्यामागे भिंत, भिंतीमागे शेजारी. पुस्तिकेबरहुकूम गेलो असतो तर आमचा डावा मागचा स्पीकर शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये लागला असता. उपाय एकच, सोफा दोन फूट पुढे ओढायचा. बायकोनं तिथल्या तिथे हिशेब मांडला. सोफा सात फुटांचा, म्हणजे 14 चौरस फूट. आमच्या भागातला भाव धरला 20 हजार. म्हणजे दोन लाख ऐंशी हजार रुपयांची जागा नुसता आवाज फिरायला. आईनं हिशेब न करताच प्रश्न सोडवला. संध्याकाळपर्यंत त्या फटीत घडीची खाट, तांदळाचा डबा आणि पाहुण्यांच्या गोधड्या जाऊन बसल्या. गंमत म्हणजे आवाज खरंच सुधारला. उघड्या भिंती आणि गुळगुळीत लाद्या आवाज परतवतात, गोधडी तो पिऊन टाकते. त्यासाठी महागडे फोमचे तक्ते विकणारी दुकानं आहेत. गोधड्या घरच्याच होत्या.

“सर, एकही वायर नाही,” असं दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. समोरून मागे जाणाऱ्या वायरीपुरतं ते खरं होतं. पण मागच्या प्रत्येक स्पीकरच्या पोटात त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर, त्याला वीज हवी, आणि वीज अजून हवेतून येत नाही. हॉलच्या त्या बाजूला आमचा एकच प्लग पॉइंट, तिथे डासांचं मशीन. म्हणजे एक बारीक वायर वाचवायला दोन जाडजूड एक्स्टेन्शन बोर्ड आले. डावा स्पीकर शोकेसवर चढला. उजव्याला जागाच नव्हती. ऑनलाइन मागवलेला स्टँड येईपर्यंत त्याला दारालगतच्या चपलांच्या कपाटावर बसवला.

आमच्या संचाचे स्पीकर एकमेकांशी 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. मायक्रोवेव्हही त्याच गल्लीत राहतो. आईनं दूध गरम करायला ठेवलं की डावा स्पीकर अडखळतो. त्यामुळे आमच्याकडे चित्रपटाचं मध्यांतर दूध ठरवतं.

मग खोलीचं मोजमाप. बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर फोन धरायचा, प्रत्येक स्पीकर आळीपाळीनं ‘हुऽऽईप’ करतो, आणि अ‍ॅप कोणता स्पीकर किती लांब आहे ते ताडतं. अट एवढीच, की घरात शांतता हवी. मे महिन्यात पंखा बंद करून आम्ही घामाघूम बसलो. हुईप झालं, आणि खालून “भंगाऽऽर!” आलं. पुन्हा हुईप, की लिफ्टमधली बाई दार बंद करायची विनंती करू लागली. पुढच्या खेपेला कुकर. शेवटी बाबांनी कुजबुजत विचारलं, “हे चाललंय काय?” मी सांगितलं, आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलीसेकंद लागतो, म्हणून जवळच्या स्पीकरला जरा उशिरा बोलायला लावायचं, म्हणजे सगळ्यांचा आवाज कानाशी एकदम पोचतो.

“फुटाला एक मिलीसेकंद?” बाबा म्हणाले. “मग तुला हाक मारली की यायला अर्धा तास का लागतो?”

अ‍ॅपनं पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं.

एवढं करून मागचे स्पीकर बहुतेक वेळ गप्पच असतात. त्यांच्या वाट्याला पाऊस, गर्दी, एखादं हेलिकॉप्टर. मराठी मालिकांत तर मागून काही येण्याची शक्यताच नाही. कट करणारे सगळे कॅमेऱ्यासमोर उभे राहून मोठ्यानं कट करतात. “मागचे चालू आहेत ना?” असं म्हणत घरातला प्रत्येकजण येता-जाता त्यांना कान लावून बघायचा. मग मी ‘सर्व स्पीकर’ हे बटण दाबलं, तर बातम्यांतला निवेदक चपलांच्या कपाटावरून ओरडायला लागला. बटण पूर्ववत केलं.

खरी परीक्षा घेतली बाबांनी. त्यांनी 1975 साली मुंबईच्या मिनर्व्हाला ‘शोले’ पाहिलेला, 70 मिलिमीटरच्या पडद्यावर, सहा ट्रॅकच्या आवाजात. जयनं उडवलेलं नाणं खणखणलं की लोक खुर्चीखाली वाकून शोधायचे, ही गोष्ट ते दर दिवाळीला सांगतात. तेव्हा टीव्हीवर ‘शोले’ लागल्यावर बाबा बरोब्बर मधल्या जागेवर बसले, आम्ही कडेला. नाणं उडालं. नाणं पडलं. समोरच.

“मिनर्व्हाला मागे पडलं होतं,” बाबा म्हणाले.

वाहिनी दोनच ट्रॅकचा आवाज पाठवते, त्याला स्पीकर काय करणार, हे मी समजावू लागलो. त्यांनी हातानंच गप्प केलं. दहा-एक मिनिटं तशीच गेली. मग अचानक उजवीकडून, मागून, अगदी स्पष्ट ‘टिंगटाँग’ असा आवाज आला. पुन्हा एकदा आला. बाबा उठून बसले.

“हां! याला म्हणतात आवाज! थेट दारात उभं असल्यासारखा!”

आम्ही सगळे माना डोलावत राहिलो. रामगढमध्ये विजेचा पत्ता नाही, तिथे डोअरबेल कुठून वाजणार, हे त्या भरात कुणालाच सुचलं नाही. पिक्चर संपल्यावर फोन बघितला. निरोप होता : ‘आपण घरी नव्हतात. आपला स्पीकर स्टँड परत पाठवला आहे.’