कोंबडीला कानटोपी नको

थंडी कानातून शिरते, यावर मराठी माणसाची अढळ श्रद्धा आहे. निफाडकडे पारा पाच अंशांशी घुटमळू लागला आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात झळकला, की सगळा तालुका कानटोपीत शिरतो. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. घडांचे एवढे लाड, मग परसातल्या कोंबड्यांनी काय घोडं मारलंय? म्हणून खुराड्याला चारी बाजूंनी गोणपाट, वर ताडपत्री आणि उरल्यासुरल्या फटींत चिंध्या.

कोंबडीला मात्र कोणी विचारत नाही. तिच्या अंगात मुळातच 41 अंशांची धग असते. आपण एवढे तापलो तर घरचे दवाखान्यात नेतील. पिसं फुलवून ती त्यांत हवा कोंडते, पोटाखाली पाय झाकते, चोच पाठीत खुपसते आणि दांडीवर झोपी जाते. गोधडी अंगावरच घेऊन हिंडणारी बाई ती! तिला छळते ती ओल. रात्रभर श्वासातून आणि विष्ठेतून निघालेला दमटपणा बंद खुराड्यात साचतो, खालचं तूस भिजतं, अमोनिया डोळ्यांना झोंबतो. मग तिचं नाक वाहू लागतं आणि आपण, ‘एवढं बांधूनही गारठलीच’ म्हणत आणखी एक पोतं चढवतो.

खरं तर अंगावर झोत येणार नाही अशी छपरालगतची फट उघडी हवी आणि तूस कोरडं. संध्याकाळी मूठभर मका टाकला की तो पचवता पचवता ती रात्रभर ऊबदार राहते. पण हे आमच्या मामींना कोण सांगणार? त्या स्वतः डिसेंबरात खिडकीची कडी काढत नाहीत.

खरी थंडी कॅनडातल्या क्वेबेकची. तिथे कोंबड्यांचे तुरे हिमदंशाने काळे पडतात. ओका इथल्या मठातल्या ब्रदर विल्फ्रिड यांनी 1908 पासून खटपट करून अगदी बुटक्या तुऱ्याची ‘शांतक्लेर’ जात तयार केली. टोपी शिवत बसण्यापेक्षा त्यांनी झाकायचं तेच कमी केलं!

पिलांची गोष्ट वेगळी. त्यांना पिसं नसतात, नुसती लव. पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास ऊब लागते. बल्बखाली गर्दी केली तर ती गारठलीत, कडेला पळाली तर उकडतंय, ऐसपैस पांगली तर सगळं ठीक. इतकं स्पष्ट बोलणारी लेकरं माणसांत नाहीत.

मोठ्या कोंबड्यांची आणखी एक कुरकुर असते, पण ती थंडीची नव्हे, उजेडाची. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा. दिवस आखडला की अंडी आखडतात, आणि नेमकी तेव्हाच घरात ऑम्लेटची मागणी वाढते. पोल्ट्रीवाले बल्ब लावून दिवस 16 तासांपर्यंत ताणतात. मामींना म्हटलं, आपणही खुराड्यात एक बल्ब लावू या.

“काही नको,” मामी म्हणाल्या. “निजू दे तिला. माझा दिवस सोळा तासांचाच आहे, बल्ब न लावता.”