पालमचे इंजिनेर

पालमच्या स्टँडवर सकाळी ज्या हाटेलात कोंडाळं दिसेल, तिथं मधोमध इंजिनेर बसलेले असणार. शिक्षण दहावीपर्यंत, त्यातलं गणित अजून राहिलेलं. पण ज्याच्या घरी एक पान्हा, एक पक्कड आणि दोन-चार उघडून ठेवलेल्या मोटारी असतात, त्याला ही पदवी आमच्याकडं लोकच बहाल करतात. गोदाकाठच्या गावागावांत असा एक तरी निघतोच.

सध्या इंजिनेरांनी छर्ऱ्याची बंदूक घरी बनवायचं मनावर घेतलंय. हरभऱ्याला घाटे लागले की रोही आणि रानडुकरं रात्री आमंत्रण असल्यासारखी शेतात उतरतात. बाकीचे लोक पत्र्याचे डबे बडवतात, फटाके लावतात, बांधाला जुन्या साड्या बांधतात. इंजिनेरांना हा सगळा अडाणीपणा वाटतो.

"डबे बडवून जनावरं भेतेत का? हवेचं प्रेशर पायजे, प्रेशर!"

प्लॅन तयार आहे. तो एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आहे आणि पत्रिका खिशात आहे. आकृतीत इतके बाण मारलेत की बंदूक कुठं संपते आणि रानडुक्कर कुठं सुरू होतं, ते कळत नाही. खाली साहित्याची यादी आहे : सायकलचा पंप – आहे (वायसर नाही). एक्सा ब्लेड – शेजाऱ्याकडं. दस्ता – सुताराला विचारणे. नळी – बघू. या यादीतला सगळ्यात टिकाऊ भाग म्हणजे 'बघू'.

18 मे हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा स्थापना दिवस. तिथल्या खरीप मेळाव्याला लोक बियाणं आणायला जातात. इंजिनेर तिथं फवारणी पंपाच्या स्टॉलवर उभे राहून दट्ट्या वर-खाली करून बघतात, विक्रेता कंटाळला की दुसऱ्या स्टॉलवर जातात आणि संध्याकाळी बियाणं न घेताच परततात.

मध्यंतरी कॉलेजातल्या एका पोरानं मोबाइलवर बघून कायदा सांगितला. शस्त्र नियम 2016 प्रमाणं 20 जूलपेक्षा जास्त जोराच्या किंवा 4.5 मिलीमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या एअरगनला परवाना लागतो. इंजिनेरांनी क्षणभर विचार केला.

"मंग आपली एकोणीसवर ठेवू."

नळी अजून आणायची होती!

पोरानं पुढं ऐकवलं की बंदूक बारकी असो की मोठी, रोही, काळवीट, रानडुक्कर यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. यावर इंजिनेरांनी प्लॅनमध्ये तातडीनं दुरुस्ती केली. रानडुकराच्या चित्रावर फुली मारली आणि तिथं लिहिलं, 'फक्त आवाज'.

"मंग प्लॅस्टिकच्या पाइपात कार्बाइड घालून उडवू की, मामा," दुसरं पोरगं म्हणालं. तेव्हा मात्र इंजिनेर भडकले. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्याच कार्बाइड गनमुळं कितीतरी लेकरांच्या डोळ्यांना इजा झाली, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. "ज्याला प्लॅन लागत नाही, त्या वस्तूला हात लावू नये," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य.

घरी मात्र या विद्येला मान नाही. "तुमची बंदूक होईस्तोर हरबरा रोह्याच्या पोटात जाईल," असं म्हणून काकू स्वतःच डबा घेऊन राखणीला जातात. पिकाची नासाडी झाली तर वनखातं भरपाई देतं, त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो आणि पंचनामा होतो, हेही त्यांनाच माहीत. गेल्या हंगामातला अर्ज त्यांनीच भरला. इंजिनेरांनी सही केली, आणि त्यासाठी कानावरची पेन्सिल काढली, तेव्हा कारकुनानं स्वतःचा पेन दिला.

तर अशा माणसाला हसू नका. बंदुका बनवणारे जगात पुष्कळ झाले, पण ज्याच्या बंदुकीनं आजवर कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही, असा हा एकटाच. त्यांना चहा पाजा, प्लॅन ऐकून घ्या, मान डोलवा. फक्त एक्सा ब्लेड मागायला आले, तर शेजाऱ्यानं नेलंय म्हणून सांगा.